होडीवरचं गाणं, पाच हजारांत!

"बाई, होडीला नवा स्टिरिओ घ्यायचा तर पाच हजारांत येईल का हो?"

मधल्या सुट्टीत डबा खाता खाता आमच्या सातवीतल्या एका मुलाने मला विचारलं. आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदराजवळची. वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसतो आणि समुद्रातला सुवर्णदुर्गही दिसतो. वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांच्या घरी होडी आहे, नाहीतर घरातलं कुणीतरी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आहे. त्यामुळे मला प्रश्नाचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढच्या वाक्याचं.

"बाबा हो म्हणालेत, पण आजोबा नाही म्हणतात. तुम्ही आजोबांना सांगाल?"

आता आली का पंचाईत! शाळेत बाईंचं ऐकतात म्हणून घरातले आजोबाही ऐकतील, असं मुलांना वाटतं. तरी मी म्हटलं, "बघू या. रविवारी येते."

बालमित्रांनो, त्या रविवारी मी आजोबांना समजवायला गेले आणि स्वतःच चार गोष्टी शिकून आले. त्याच आज तुम्हाला सांगणार आहे. तुमच्या घरी होडी नसेल, पण रेडिओ, टेप, स्पीकर काहीतरी असेलच ना? मग हे तुमच्याही उपयोगाचं आहे.

आजोबा का रागावले?

ते मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. १ जूनपासून पावसाळ्यातली मासेमारी बंद होते, म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढून घेण्याची गडबड चालली होती. होडी एकदा वर आली, की दुरुस्ती, रंगरंगोटी, इंजिनाचं काम सगळं उरकून घ्यायचं. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. स्टिरिओचं काम करायला हीच वेळ बरी होती.

आजोबा चाळीस वर्षं तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीचा कप्तानच म्हणा ना. ओटीवर जाळं विणत बसले होते. मी विषय काढला तसे म्हणाले, "बाई, गाण्याला माझी ना नाही. पण मोठा आवाज आला की वायरलेस ऐकू येत नाही. २००९ साली फयान वादळ आलं, तेव्हा आम्ही बाहेर होतो. शेजारच्या होडीने वायरलेसवर ओरडून सांगितलं म्हणून जाळं अर्धं टाकून मागे फिरलो. तेव्हा जर गाणी लावून बसलो असतो तर?"

मी गप्पच झाले. नोव्हेंबर २००९ मधल्या त्या वादळात कोकण किनाऱ्यावरच्या कितीतरी होड्या संकटात सापडल्या होत्या. काही तर परत आल्याच नाहीत. आजोबांचं म्हणणं खोटं कसं म्हणू?

मग मुलाचे बाबा बोलले. "पण बाई, आमचे दोन खलाशी नेपाळचे आहेत. आठ-आठ महिने घरी जात नाहीत. रात्री नांगर टाकून पडलो की फोनवर त्यांची गाणी लावतात. इंजिन चालू असलं की त्या एवढ्याशा फोनचं काही ऐकू येत नाही, आणि जुना स्टिरिओ तर नुसता खरखरतो. जाळं ओढताना गाणं असलं की हात चालतात हो. झोप उडते."

दोघांचंही बरोबर होतं! म्हणजे स्टिरिओ चांगला तर हवा, पण तो वायरलेसच्या आड येता कामा नये. आणि खर्च पाच हजारांच्या आत. दुकानात चौकशी केली होती, तर नवा सेट, मोठे स्पीकर आणि वर अँप्लिफायर मिळून साडेअकरा हजार सांगितले होते.

आधी दुखणं शोधा, मग औषध

आजोबा म्हणाले, "ताप आला की आधी डॉक्टर बघतो. तुम्ही तर आधीच औषध आणायला निघालात." मग बंदरावरच्या वायरमनकाकांना बोलावलं.

होडीवरचा स्टिरिओ म्हणजे खरं तर मोटारीतलाच सेट असतो. तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. काही मोठ्या होड्यांवर २४ व्होल्टची सोय असते. तिथे १२ व्होल्टचा सेट सरळ जोडला तर तो जळून जाईल. म्हणून वायरमनकाकांनी आधी बॅटरी मोजली. १२.६ व्होल्ट. छान! मग त्यांनी आवाज मोठा केला आणि मीटर सेटच्या मागच्या वायरला लावला. तिथे किती भरले? १०.४!

"दोन व्होल्ट गेले कुठे?" मुलाने विचारलं.

सांगा बरं, कुठे गेले असतील? वाटेत! नळाला लांब आणि बारीक पाइप जोडला, की शेवटच्या टोकाला पाण्याची धार बारीक येते ना? तसंच विजेचं. बॅटरी खाली इंजिनाजवळ आणि सेट केबिनमध्ये. मध्ये ५ मीटर अंतर. वीज जाणार आणि परत येणार, म्हणजे वायर झाली १० मीटर. ती होती १ चौरस मिलिमीटर जाडीची. अशा तांब्याच्या वायरमधून ५ अँपिअर वीज गेली, तर सुमारे ०.९ व्होल्ट वाटेतच खर्च होतो. उरलेली गळती होती सांध्यांमध्ये. वायरमनकाकांनी चिकटपट्टी सोडवली तर आत तांब्यावर हिरवा गंज चढलेला!

म्हणजे बिचाऱ्या सेटचा काही दोष नव्हता. त्याला पोटभर वीजच मिळत नव्हती. आवाज वाढवला की व्होल्ट घसरायचे आणि गाणं फाटायचं. सेट बदलायची गरजच उरली नाही. साडेअकरा हजारांतले कितीतरी पैसे तिथेच वाचले.

आजीची कल्हई

आता नवी वायर घ्यायची. पण खाऱ्या हवेत तीही गंजणारच की! वायरमनकाका म्हणाले, "कल्हई केलेली वायर घेऊ."

मुलं हसली. कल्हई तर भांड्यांना करतात! पण खरंच, मित्रांनो, ही तीच गोष्ट आहे. तुमच्या आजीच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथिलाचा मुलामा देत, म्हणजे ताक-आमटी कळकत नसे. तसाच कथिलाचा पातळ थर तांब्याच्या प्रत्येक तारेवर दिला, की खारं पाणी तांब्यापर्यंत लवकर पोचत नाही. अशी वायर महाग पडते, पण होडीवर ती कितीतरी जास्त टिकते.

नवी वायर ४ चौरस मिलिमीटर जाडीची घेतली. चौपट जाड, म्हणून वाटेतली गळती चौथाई. आता ५ अँपिअरला जेमतेम ०.२ व्होल्ट जातात. प्रत्येक सांधा नीट दाबून बसवला आणि वरून गरम केल्यावर आवळणारी नळी चढवली. बॅटरीच्या टोकांना ग्रीस लावलं.

फ्यूज बसवला तो बॅटरीच्या अगदी जवळ. सेटजवळ का नाही? समजा, मध्येच कुठेतरी वायर घासून उघडी पडली आणि दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या. फ्यूज सेटजवळ असेल तर त्याला याचा पत्ताच लागणार नाही. वायर तापेल, पेटेल. आणि होडीवर डिझेल असतं. फ्यूज बॅटरीजवळ असला की तो लगेच वितळतो आणि वीज थांबते. वाड्याचा पहारेकरी दिंडीदरवाजावर हवा, माजघरात बसून काय उपयोग!

आणखी एक छोटी युक्ती. सेटकडे जाणारी वायर सरळ न नेता तिला खाली एक झोळ दिला. वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकन खाली पडतं, सेटमध्ये शिरत नाही. या युक्तीला एक पैसाही लागला नाही.

खोक्यावरचे वॅट, खरे वॅट

जुने स्पीकर मात्र खरोखरच गेले होते. त्यांचे कागदी पडदे दमट हवेने फुगून फाटले होते. नवे घ्यायला आम्ही दापोलीला गेलो. दुकानात एका सेटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं – ५० गुणिले ४, म्हणजे २०० वॅट! मुलाचे डोळे चमकले.

मी म्हटलं, "थांब. गणित कर." सेटच्या मागचा फ्यूज होता १० अँपिअरचा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२ गुणिले १० किती? १२०. ज्या सेटमध्ये १२० वॅटपेक्षा जास्त वीज आतच जाऊ शकत नाही, त्यातून २०० वॅटचा आवाज सतत कसा बाहेर पडेल? खोक्यावरचा आकडा असतो क्षणभराच्या उसळीचा.

मग काय बघून घ्यायचं? स्पीकरच्या खोक्यावर डेसिबलचा आकडा असतो. १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर किती आवाज येतो, ते त्यावरून कळतं. एकावर ८९ होते, दुसऱ्यावर ९२. फरक फक्त ३ चा. पण या ३ डेसिबलचा अर्थ असा, की ९२ चा स्पीकर निम्म्या विजेत तेवढाच आवाज देतो. म्हणजे अँप्लिफायर न घेताच आवाज वाढला आणि बॅटरीही वाचली! शिवाय त्याचा पडदा प्लॅस्टिकचा आणि कड रबराची होती. पाण्याने फुगायची भीती नाही. आम्ही तेच घेतले.

कंपासने सांगितलेली जागा

जुने स्पीकर केबिनमध्ये पुढे, सुकाणूच्या दोन बाजूंना होते. नवेही तिथेच लावायचे असं ठरत होतं. तेवढ्यात आजोबा आत गेले आणि आपला जुना कंपास, म्हणजे होकायंत्र, घेऊन आले. एकही शब्द न बोलता त्यांनी ते ओट्यावर ठेवलं आणि नवा स्पीकर हळूहळू त्याच्याजवळ सरकवला.

काय झालं असेल? काटा गर्रकन वळला! स्पीकरच्या पाठीमागे मोठा लोहचुंबक असतो. त्याच्याजवळ आल्यावर होकायंत्राला उत्तर दिशा कुठली आणि चुंबक कुठला, हेच कळेनासं होतं.

"हल्ली जीपीएस असतंच की," बाबा म्हणाले.

"आणि ते बंद पडलं तर?" आजोबांनी विचारलं.

आम्ही घरी बसून हिशेब केला. होकायंत्र फक्त १० अंशांनी चुकलं आणि होडी तशीच १० सागरी मैल गेली, तर ती पावणेदोन मैल बाजूला जाते. म्हणजे जवळजवळ सव्वातीन किलोमीटर! रात्री, धुक्यात, खडकाळ किनाऱ्याजवळ एवढी चूक किती महागात पडेल?

मग मुलानेच तोड काढली. "खलाशी तर मागे काम करतात. स्पीकर केबिनच्या मागच्या भिंतीवर लावू, छपराच्या खाली, त्यांच्याकडे तोंड करून!"

शाब्बास! एका दगडात तीन पक्षी. स्पीकर होकायंत्रापासून दूर गेले. वायरलेसपासूनही दूर गेले. आणि खलाशांच्या जवळ आले. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाजाची ताकद चौथाईवर येते. याचा अर्थ, स्पीकर निम्म्या अंतरावर आणला की तोच आवाज चौपट ताकदीने पोचतो. मग उगाच मोठा कशाला करायचा?

वायरमनकाकांनी बॅटरीकडून येणाऱ्या दोन्ही वायरी वेणीसारख्या एकमेकींभोवती वळल्या. विजेच्या तारेजवळ होकायंत्राचा काटा हलतो, हे ओर्स्टेड नावाच्या शास्त्रज्ञाला १८२० साली दिसलं होतं. जाणारी आणि येणारी तार एकत्र वळली, की दोघींचे परिणाम एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात.

स्पीकरला लाकडी डबा मात्र लागतोच. पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची विरळ होते. मध्ये आडोसा नसेल तर पुढची हवा कडेने मागे पळते आणि ढोलकीची घुमकी जागच्या जागी मरते. घरात उरलेल्या प्लायवुडचे डबे केले, सांधे बुजवले, वरून होडीचाच रंग दिला.

आजोबांची अट

शेवटचा प्रश्न बॅटरीचा. होडीची बॅटरी होती ८० अँपिअर-तासांची. अशी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हाताशी राहिले ४०. रात्री नांगर टाकून इंजिन बंद केलं, की स्टिरिओ साधारण ३ अँपिअर खाणार. दिवे, वायरलेस आणि जीपीएस मिळून २. एकूण ५. सांगा, ४० किती तासांत संपतील? ८ तासांत! पहाटे इंजिन चालू होईल की नाही याची धाकधूक. आणि तिथून पुढे वायरलेस बंद पडला तर?

म्हणून सुकाणूच्या अगदी हाताशी एक वेगळं बटण बसवलं. ते दाबलं की फक्त स्टिरिओ बंद. वायरलेसची वायर त्याच्या वाटेला जातच नाही. आजोबांनी तीन नियम घालून दिले. इंजिन बंद झाल्यावर गाणी एकच तास. वायरलेसवर काहीही खरखरलं की आधी बटण, मग कान. आणि बटणावर हात तांडेलाचा, दुसऱ्या कुणाचा नाही. समुद्रावर संकटाची हाक ज्या वाहिनीवर देतात ती वाहिनी १६. ती कायम ऐकू आली पाहिजे.

सगळं जोडून झाल्यावर त्यांनी स्वतः तपासलं. गाणं लावलं, वायरलेस लावला, होकायंत्र जागेवर ठेवलं. स्टिरिओ चालू-बंद करून काटा हलतो का ते पाहिलं, वायरलेसमध्ये नवी खरखर येते का ते ऐकलं. दोन्ही ठीक. मग नुसती मान हलवली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे शंभरपैकी शंभर!

हिशेब

मुलाने वहीत लिहिलेला हिशेब असा: स्पीकरची जोडी १,६५० रुपये, कल्हईची वायर १,२००, फ्यूज आणि त्याचं घर १५०, बटण १२०, डब्यांचं सामान आणि रंग २००, आवळणारी नळी आणि ग्रीस १३०. बेरीज तुम्हीच करून बघा. ३,४५० आली ना? वायरमनकाकांनी मजुरी म्हणून फक्त मोसमातले पहिले बांगडे मागितले.

उरले १,५५०. मुलाला त्यात रंगीबेरंगी दिवे हवे होते. आजोबांनी काहीच सुचवलं नाही. दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी शाळेत येऊन मला म्हणाला, "बाई, एक जादा लाइफ जॅकेट आणलं. नव्या खलाशाच्या मापाचं."

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली. पहिल्या संध्याकाळी ती बंदरात परत आली, तेव्हा मी लिलावाला मासळी आणायला गेले होते. दुरून गाणं ऐकू येत होतं. शब्द मला कळत नव्हते, नेपाळी होते. होडी जवळ आली, गर्दीच्या जागी शिरली, आणि गाणं एकदम बंद झालं. सुकाणूजवळ कुणीतरी बटण दाबलं होतं.

करून पाहा

१. दुकानात मिळणारं छोटं होकायंत्र घ्या. ते घरातल्या स्पीकरपासून एक मीटरवर ठेवा आणि हळूहळू जवळ आणा. किती सेंटिमीटरवर काटा हलायला लागतो, ते पट्टीने मोजून लिहा. वेगवेगळे स्पीकर घेऊन तक्ता करा.

२. जुन्या बिघडलेल्या रेडिओतला छोटा स्पीकर मिळाला, तर त्याच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभरच टेकवा. पडदा पुढे येतो की मागे जातो? सेल उलटा करून पुन्हा बघा. दोन स्पीकर जोडताना दोघांचेही पडदे एकाच वेळी पुढे यायला हवेत. एक पुढे आणि एक मागे गेला तर घुमकी मरते.

३. पुठ्ठ्याला स्पीकरच्या पडद्याएवढं गोल भोक पाडा. वाजता छोटा स्पीकर मागून त्या भोकावर धरा, मग बाजूला करा. आवाजात काय फरक पडला?

आणि हो, मोटारीच्या किंवा होडीच्या बॅटरीला आणि घरातल्या विजेच्या बटणांना हात लावायचा नाही. बॅटरीत आम्ल असतं आणि ती चार्ज होताना त्यातून पेट घेणारा वायू निघतो. ते काम मोठ्या माणसांचं. आई-बाबांनो, तुम्हीही हे प्रयोग मुलांबरोबर बसून करा. नवी वस्तू घ्यायच्या आधी जुनीचं दुखणं काय आहे, एवढं एकदा मुलांना शोधू द्या. आमच्या सातवीच्या वर्गात सध्या शाळेची बंद पडलेली घंटा उघडून ठेवली आहे. दोष अजून सापडलेला नाही, पण शोध चालू आहे!